पेवावरची भिंत

खामगावात उतरून भगवानरावांचा बंगला कुठे म्हणून विचारलं, तर शेंबडं पोरही नांदुऱ्याच्या रस्त्याकडे बोट दाखवायचं. रुई-सरकीच्या व्यापारात भगवानरावांचा चांगला जम बसला होता, त्या दिवसांत त्यांनी तो बांधला. खाली सहा खोल्या, वर चार. पुढे मोटार उभी राहील एवढा पोर्च, जिन्याला अस्सल सागवान, खिडक्यांना रंगीत काचा, दिवाणखान्यात मुंबईहून मागवलेल्या वेलबुट्टीच्या फरश्या. त्या फरश्यांच्या पेट्या जलंबला गाडी बदलून खामगावला आल्या, तेव्हा स्टेशनापासून लागलेली बैलगाड्यांची रांग पाहायला माणसं ओट्यांवर येऊन उभी राहिली होती.

बांधणारा इंद्रभान मिस्त्री. तेव्हा तो जेमतेम तिशीचा होता. या एका कामानं त्याचं नाव झालं. कुणाचं नवं घर निघालं की घरधनी इंद्रभानला घेऊन बंगल्यापाशी यायचा आणि म्हणायचा, "असा सज्जा पाह्यजे, मिस्तरी. अस्साच." इंद्रभान मान डोलवायचा. पण तो पोर्चच्या पुढे सहसा जायचा नाही. मावळतीच्या अंगाला एक खोली बाहेर काढलेली होती, वर नुसती गच्ची असलेली. तिकडे तर तो चौदा वर्षांत आपणहून एकदाही फिरकला नव्हता.

महाराष्ट्र होऊन पाच वर्षं झाली होती. त्या चैत्रात भगवानरावांचा निरोप आला, येऊन जा.

इंद्रभान गेला तेव्हा बंगल्यात लगीनघाई होती. दोन माणसं जिन्याच्या कठड्याला पॉलिश चोळत होती. एक बाई रिठ्याच्या पाण्यानं रंगीत काचा पुसत होती. शेजारच्या शेटकडून मागून आणलेला गालिचा दिवाणखान्यात अंथरला होता आणि त्याच्या मधोमध भगवानराव हातात मनकर्णाबाईंचा फोटो घेऊन उभे होते. बायको जाऊन वर्ष झालं होतं. फोटो भिंतीवरून त्यांनीच काढला होता. आता तो ठेवायचा कुठे, हे त्यांना सुचत नव्हतं.

"बंगला विकून राह्यलो मी, इंद्रभान," ते म्हणाले. "मनकर्णा गेली. पोरं नागपूरची झाली. दहा खोल्याइत मी एकटा काय करू?"

"गिऱ्हाईक मिळालं काय, मालक?"

"मेहकरचं हाये. अर्जुनराव म्हणून. बागाइतात वर आलेला माणूस. त्याच्या दोन पोरीइले इथल्या शाळेत टाकाचं म्हणते. सोमवारी नवरा-बायको पाह्याले येतीन. पसंत पडलं तं आखाजीच्या मुहूर्तावर सौदा पक्का करू." त्यांनी फोटो शेवटी कपाटात पालथा ठेवला. "चाल, तुले दाखवतो."

ते त्याला मावळतीच्या खोलीत घेऊन गेले. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून निघालेला तडा तिरपा चढत छतापर्यंत गेला होता. खाली बोटभर, वर चांगला चार बोटं आत जातील एवढा. खोलीतून बाहेरचा उजेड दिसत होता.

"मधात दोनदा बुजवला मी, दुसऱ्या माणसाकून. पुन्हा फाटते," भगवानराव म्हणाले. "काळी माती हाये, कोन्तं घर तडकत नाई? पण गिऱ्हाइकाले दिसलं का त्याचं मन खट्टू होते. तू बांधला, तूच बुजव. असा बुजव का उद्या तुले सुद्धा सापडू नाई."

इंद्रभाननं तड्यात बोटं घातली. आतली गार हवा बोटांना लागली. "हाव मालक," तो म्हणाला.

चौदा वर्षांपूर्वी याच कोपऱ्याचा पाया खोदला जात होता. खोदाईचं काम कारभारी नावाच्या माणसाकडे होतं. हा कारभारी इंद्रभानच्याच वयाचा, हाडापेरानं मजबूत, बोलायला कमी. बाकी सगळीकडे पाच हातांवर पिवळा मुरूम लागला होता. या कोपऱ्यात मात्र कारभारीची पहार एकाएकी मुठीपर्यंत आत गेली. त्यानं ती उपसली, तसा आंबलेल्या धान्याचा वास वर आला.

"मिस्तरी, खाली पेव हाये," कारभारी म्हणाला होता.

पेव म्हणजे जुन्या लोकांचं जमिनीतलं ज्वारीचं कोठार. तोंड अरुंद, पोट बैलगाडी मावेल एवढं. कोण्या काळी ते कुणीतरी कचरामाती लोटून अर्धवट बुजवलं होतं. ते सगळं उपसून तळाच्या मुरमापासून भिंत उचलायची, तर महिना गेला असता. पाऊस तोंडावर आलेला. चौकटीचा मुहूर्त चार दिवसांवर. आणि त्याहून मोठी गोष्ट इंद्रभानच्या पोटात होती. भगवानरावांना अकोल्याचा मिस्त्री आणायचा होता. बऱ्याच जणांनी शब्द टाकला म्हणून त्यांनी या पोराला काम दिलं होतं. घराच्या कोपऱ्याखाली पेव निघालं म्हणून सांगायला जावं, तर मालक नक्की म्हणणार, थांब, अकोल्याच्या माणसाला दाखवू. मग तो माणूस येणार, आणि येईल तो कायमचाच येणार.

"भर दगड," इंद्रभान म्हणाला होता. "चांगले मोठे मोठे भर. वरून चुना देऊ."

"मालकाले सांगाचं ना?"

"मी सांगतो."

सांगितलं नाही. एवढ्यावरही भागलं असतं, तर इंद्रभाननं स्वतःची कशीबशी समजूत घातली असती. पण तिसऱ्या पावसाळ्यानंतर भिंत तडकली. भगवानरावांनी दोघांनाही बोलावून घेतलं आणि विचारलं इंद्रभानला, "पाया मुरमापर्यंत गेलता ना?" कारभारी बाजूलाच उभा होता. इंद्रभाननं त्याच्याकडे पाहिलं नाही. "मी सांगतलं तेवढं खोदलं असतं, तं असं झालं नसतं, मालक. खोदाईवाल्यानं कोपरा चोरला."

कारभारीनं तोंड उघडलं आणि मिटलं. खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला आणि तो निघून गेला. पुढे खामगावात त्याला कुणी पायाचं काम दिलं नाही. दोन वर्षांत तो बायकोच्या गावी, जानेफळला, राहायला गेल्याचं इंद्रभाननं ऐकलं. ऐकून त्याला बरं वाटलं होतं. आता तो रस्त्यात समोर येणार नव्हता.

तेच सगळं मनात घोळवत इंद्रभान आता त्याच भिंतीपुढे कामाला बसला. हातानं मात्र काही कसूर केली नाही. तड्याचे काठ त्यानं छिनीनं खरवडले. आत विटांच्या चिपा घट्ट ठोकल्या. चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालून तो दोन दिवस भिजवला, मग थरावर थर दिला. वर जुन्या सफेदीचा पिवळसर रंग आणायला पिवडी आणि चहाचं पाणी किती घालायचं, ते चार वेळा करून पाहिलं. शनिवारी संध्याकाळी भगवानराव आले, भिंतीवरून नजर फिरवली, हात फिरवला आणि म्हणाले, "कुठं होता बे तो तडा?"

लोक शाबासकीनं फुलतात. इंद्रभानला वाटलं, कुणी तरी भर बाजारात आपलं धोतर सोडलं.

सोमवारी अर्जुनराव आणि त्यांची बायको सुभद्राबाई असे दोघं आले. भगवानरावांनी इंद्रभानला मुद्दाम बोलावून ठेवलं होतं. बांधणाराच हजर असला की घेणाऱ्याला धीर येतो म्हणून. अर्जुनरावांनी पोर्चमध्येच चपला काढल्या. नको नको म्हटलं तरी गालिच्यावर पाय न देता ते कडेकडेनं चालले. चाळिशीचा, रापलेला, साधा माणूस. कोबी, वांगी, कांदे करून वर आलेला. तो छताकडे पाही, जिन्याकडे पाही आणि पुन्हा आपल्या बायकोच्या तोंडाकडे पाही.

सुभद्राबाईंचं पाहणं वेगळं होतं. त्यांनी चुलीच्या धुराला वाट कुठून आहे ते पाहिलं, न्हाणीचं पाणी कुठे जातं ते पाहिलं, विहिरीचं पाणी ओंजळीनं पिऊन पाहिलं. शेवटी त्या मावळतीच्या खोलीत आल्या आणि तिथंच थबकल्या. खिडकीतून कडूनिंबाची सावली आत आली होती.

"ही पोरीइची खोली," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "इथं अभ्यास करतीन, इथंच निजतीन. कोणाची ये-जा नाई." मग त्यांनी भिंतीला तळवा लावला. नेमका तिथं, जिथं इंद्रभाननं बेलफळाचा चुना भरला होता. "थंडगार हाये." त्या वळल्या. "भाऊ, तुमीच बांधलं ना हे?"

"हाव बाई."

"मले घरातलं काई समजत नाई. आमचं सारं आयुष्य मातीच्या भितीइत गेलं. पोरीइचा जीव हाये म्हणून इचारतो. भीत पक्की हाये ना?"

भगवानराव दारातच उभे होते. अर्जुनराव हसत होते. इंद्रभाननं पुढे होऊन भिंतीवर हात ठेवला, सुभद्राबाईंच्या हाताच्या वीतभर खाली. "माया हातची हाये, बाई," तो म्हणाला. "काळजी करू नका."

सुभद्राबाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. जाताना त्यांनी पिशवीतून वांगी काढली, काळीभोर, देठाला काटे असलेली, आणि फडक्यात बांधून इंद्रभानच्या हातात दिली. "घरची हायेत. बाईले म्हणा, भरून करा."

ते फडकं हातात धरून इंद्रभान घरी आला. चांगुणानं, त्याच्या बायकोनं, खूश होऊन वांगी कापायला घेतली. तिनं विचारलं, कुणी दिली, तेव्हा त्यानं सांगितलं. सुभद्राबाई काय म्हणाल्या, तेही सांगितलं. आणि मग, कसं कोण जाणे, तो थांबलाच नाही. पेवापासून सगळं बोलून गेला. बोलताना तो चुलीकडे पाहत होता.

चांगुणाचा हात विळीवर थांबला. "मंग ते पडन काय, भीत?"

"पडन असं नाई. पण पेवात पाणी उतरते. एखाद्या मोठ्या पावसात कोपरा बसला, तं..."

"अन् कारभारीले तुमी चोर म्हणलं?"

"कोपरा चोरला म्हणलं."

"तेच ते." तिनं विळी बाजूला सारली. चौदा वर्षं ती बाजारात, लग्नाकार्यात बंगलेवाल्या मिस्तरीची बायको म्हणून मिरवली होती. तिनं कापलेल्या फोडी आणि न कापलेली वांगी एकाच फडक्यात गोळा केली आणि गाठ मारली. "आपल्याच्यानं हे खाणं होत नाई," ती म्हणाली आणि पिठलं टाकायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं इंद्रभान मेहकरला निघाला. गाडी जानेफळला थांबली. कंडक्टरनं घंटी द्यायच्या आत तो उठला आणि खाली उतरला. आपण का उतरलो, हे त्याला नीट सांगता आलं नसतं. एवढंच होतं, की हे गाव खिडकीतून पाहत पुढे जायचं त्याच्या जिवावर आलं.

कारभारी घराच्या ओसरीत बाजेचा सुंभ आवळत बसला होता. केस पांढरे झाले होते; खांदे तेच. त्यानं वर पाहिलं, ओळखलं आणि पुन्हा सुंभ ओढला. त्याची बायको झुंबरबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, इंद्रभानला पाहून थबकली, तांब्या त्याच्यापासून दोन हातांवर ठेवून आत गेली.

"काय मिस्तरी," कारभारी म्हणाला, "कुठं कोपरा खोदाचा निंघाला काय?"

इंद्रभान जमिनीवर बसला. येताना मनात जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. "बंगला विकून राह्यले मालक. घेणारी बाई त्याच खोलीत पोरी ठेवतो म्हणते. मी मेहकरले सांगाले चाललो."

"मंग जा ना. मधात काऊन उतरला?"

"तुले तोंड दाखवाले."

"दाखवलं." कारभारीनं गाठ मारली. मग सुंभाकडेच पाहत तो म्हणाला, "त्या दिवशी मी फाटकापाशी थांबलो होतो. मालकासमोर तुयी फजिती नको म्हणून मी तोंड मिटलं. मले वाटलं, तू मागून येशीन. येशीन अन् म्हणशीन, चाल, दोघं जाऊन सांगू. दिवस बुडेपर्यंत थांबलो. तू मागच्या दारानं गेला."

इंद्रभानला ते आठवत होतं. फाटकापाशी कारभारी उभा आहे, हे पाहूनच तो मागच्या दारानं गेला होता. त्याला वाटलं होतं, कारभारी भांडायला थांबला आहे. "माफ कर," तो म्हणाला. शब्द तोंडातून निघाले आणि त्याचे त्यालाच ते इतके हलके वाटले, की परत घ्यावेसे वाटले.

"नाई होत," कारभारी म्हणाला. तो रागावला नव्हता. चुना आज लागणार नाही, असं सांगावं तसं म्हणाला. मग उठला, खुंटीवरचा सदरा घेतला. "चाल. दुपारची गाडी येईन आता."

"तू काऊन?"

"तू एकटा गेला तं अर्धंच सांगशीन."

अर्जुनरावांचं घर मेहकरबाहेर मळ्यातच होतं. अंगणात कांदे वाळत घातले होते. सुभद्राबाई कांदे निवडत होत्या आणि त्यांच्या दोन मुली, एक असेल बारा वर्षांची, दुसरी दहाची, एकमेकींच्या पाठीला पाठ लावून पुस्तक वाचत होत्या. मिस्त्री आलेला पाहून सुभद्राबाईंनी डोईवरचा पदर सारखा केला आणि हसून पुढे आल्या. "या भाऊ, या! एवढ्या उन्हाचे?"

अर्जुनरावांनी घोंगडी अंथरली. इंद्रभान बसला नाही. "अर्जुनराव, ती मावळतीची खोली... तिथं पोरीइले ठेवू नका. खालची जमीन जराशी पोकळ हाये."

"जराशी म्हणजे?"

"म्हणजे, काळी माती..."

कारभारी मागे उभा होता. तो खाकरला नाही, हललाही नाही. नुसता म्हणाला, "सगळं सांग."

मग इंद्रभाननं सांगितलं. पेव सांगितलं, दगड सांगितले, कारभारीवर घेतलेला आळ सांगितला, गेल्या आठवड्यात बुजवलेला तडा सांगितला. मोठ्या मुलीनं पुस्तकातून मान वर केली होती आणि ती त्याच्याकडे टक लावून पाहत होती. मोठ्या माणसाला असं उभ्यानं, मान खाली घालून बोलताना तिनं कधी पाहिलं नसावं.

सुभद्राबाईंनी आधी मुलींकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मी तुमाले इचारलं होतं."

"हाव."

"पोरीइचं नाव घेऊन इचारलं होतं. अन् तुमी भितीवर हात ठेवून सांगतलं." त्या मुलींकडे गेल्या आणि त्यांना उठवून घरात घेऊन गेल्या. पुन्हा बाहेर आल्या नाहीत. पाणीही कुणी विचारलं नाही.

अर्जुनरावांचा चेहरा मात्र बदलला होता. गालिच्याच्या कडेकडेनं चालणारा माणूस तो हा नव्हेच. "मालकाले ठाऊक हाये हे?"

"पेव नाई ठाऊक. मी नाई सांगतलं."

"मंग उद्या मी येतो खामगावले. तुमी दोघंही या. त्याच्या तोंडावर सांगा. मंग मी पाह्यतो."

भगवानरावांना वाटलं, गिऱ्हाईक आखाजीच्या आधीच आलं. ते धुतलेला कोट चढवून, हसत पोर्चमध्ये आले. दहा मिनिटांत ते पोर्चच्या पायरीवरच खाली बसले होते. त्यांनी इंद्रभानकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं ते कारभारीकडे.

"कारभारी, त्या दिवशी तू बोलला काऊन नाई?"

"तुमी मले इचारलंच नाई, मालक," कारभारी म्हणाला. "तुमी त्याले इचारलं."

भगवानरावांनी खाली पाहिलं. कोटाची बटणं ते उगाच चाचपत राहिले. मग अर्जुनरावांना म्हणाले, "पेव मले ठाऊक नव्हतं, हे खरं. पण तडा ठाऊक होता. तो झाकाले मीच लावला होता. तुमच्यापुढं मीही काई कमी दोषी नाई." एवढं बोलायला त्यांना फार कष्ट पडले. आयुष्यभर त्यांचा शब्द बाजारात चालला होता.

त्यांनी इंद्रभानला शिवी दिली असती, अंगावर हात टाकला असता, तर त्याला सोसलं असतं. ते फक्त म्हणाले, "चौदा दिवाळ्या तू माया घरी फराळ करून गेला, इंद्रभान." आणि उठून आत गेले.

कोपरा उघडायचं ठरलं. खोदाई भगवानरावांनी कारभारीला दिली आणि भिंत उतरवायला अकोल्याचा मिस्त्री आला. चौदा वर्षांपूर्वी जो यायला नको म्हणून एवढं सगळं झालं, तोच नसेल, पण अकोल्याचाच. इंद्रभानला कुणी बोलावलं नव्हतं. तो पहिल्या दिवशी सकाळी येऊन फाटकात उभा राहिला. कारभारीनं त्याच्याकडे पाहिलं आणि एक रिकामं टोपलं त्याच्या पायाशी टाकलं.

अकरा दिवस त्यानं माती वाहिली. उन्हाचे दिवस, खामगावातली निम्मी माणसं या ना त्या निमित्तानं पाहून गेली. त्याच्या हाताखाली थापी धरायला शिकलेले गवंडी आले, कडूनिंबाखाली उभे राहिले, हळू आवाजात बोलले आणि त्याची नजर वळली तसे पांगले. पाचव्या दिवशी त्यानंच भरायला लावलेले दगड वर येऊ लागले. काळे, ओशट, आंबूस वासाचे. त्यांच्या मधोमध माणूस उभा राहील एवढी पोकळी झाली होती. अकोल्याचा मिस्त्री वाकून पाहत राहिला. "हे इतकी वर्षं उभं राह्यलं कसं?" तो स्वतःशीच म्हणाला. इंद्रभाननं टोपलं डोक्यावर घेतलं आणि ढिगाकडे चालू लागला.

ती खोली पुन्हा बांधली नाही. पेव मुरमानं भरून घट्ट ठोकलं आणि जागा मोकळी सोडली. दसऱ्याला अर्जुनरावांनी बंगला घेतला. सुभद्राबाईंनी तिथं जाई लावली आणि मुलींना वरची खोली दिली. एकदा बाजारात त्या इंद्रभानच्या समोर आल्या. वाट सोडून बाजूला झाल्या, मग जरा थांबून म्हणाल्या, "बरं हाये ना, मिस्तरी?" भाऊ म्हणाल्या नाहीत. तो "हाव बाई" म्हणेपर्यंत त्या पुढे गेल्या होत्या.

कारभारीकडे खामगावातून पुन्हा बोलावणी येऊ लागली. काही कामं त्यानं घेतली, काही नाही घेतली. इंद्रभानशी तो बोलायचा, पण कामापुरतं.

आणि मग जे होणार होतं ते सुरू झालं. त्या चौदा वर्षांत इंद्रभाननं खामगावात आणि आसपास तीसेक घरं उभी केली होती. एकेक घरधनी येऊ लागला. कुणी अडखळत, कुणी थेट. "मिस्तरी, आमच्या घराखाली काय हाये?" इंद्रभान सांगायचा, "मुरूम हाये. तुमच्याच डोळ्यासमोर लागला होता." ते खरंच होतं, त्या एका कोपऱ्यानंतर त्यानं कुठलाच पाया अर्ध्यावर सोडला नव्हता. भीतीनं सोडला नव्हता म्हणा, पण नव्हता. ऐकणारा मान हलवायचा. आणि दोन दिवसांनी कळायचं, की त्यानं कुदळ-फावडं आणवून घराचा कोपरा खोदून पाहिला.

उत्तमराव त्यांतलेच एक. त्यांचं घर मागल्या वर्षीच झालं होतं. इंद्रभान रस्त्यानं चालला होता, तेव्हा ते आपल्याच भिंतीशी छातीइतक्या खड्ड्यात उभे होते, मजूर न लावता, बनियनवर. त्यांनी वर पाहिलं आणि दोघांची नजर मिळाली. आता पळायला दोघांनाही जागा नव्हती. खड्ड्याच्या तळाशी पिवळाधमक मुरूम लागला होता. कुदळीचे चार घाव त्याच्यावर ताजे होते.

"तसं काई नाई, मिस्तरी," उत्तमराव ओशाळून म्हणाले. "घरातली मागं लागली. म्हणे, एकदा पाहून घ्या." त्यांनी कपाळाचा घाम पुसला. "चहा घेता?"

"नाई."

इंद्रभाननं कडेला ठेवलेलं फावडं उचललं. उत्तमराव वर येईपर्यंत थांबला. मग बाहेर काढलेली माती थोडी थोडी करून खड्ड्यात लोटू लागला. दर थोड्या वेळानं खाली उतरून तो ती पायानं चेपायचा, नीट, चहूकडून, आणि पुन्हा वर यायचा. उत्तमराव बाजूला उभे होते. जा म्हणावं, की थांब म्हणावं, ते त्यांना कळत नव्हतं.